वय किती घेतं, थांबणं किती घेतं

१६ ऑक्टोबर २०१६. टोरोंटोच्या वॉटरफ्रंट मॅरेथॉनमध्ये पांढऱ्या केसांचे, सडपातळ अंगाचे एक वृद्ध गृहस्थ ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंदांत शेवटच्या रेषेवर पोचले. नाव एड व्हिटलॉक, वय ८५. पायातले बूट पंधरा वर्षांपूर्वीचे, अंगातली बंडी-जर्सी त्याहूनही जुनी. पंच्याऐंशी ओलांडल्यावर चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणारा हा जगातला पहिला माणूस. मुंबई-पुण्यात पस्तिशी-चाळिशीतले कितीतरी जण वर्षभर पहाटे उठून ‘सब-फोर’साठी झटतात, आणि तरी घड्याळात चार तास पाच मिनिटं दिसतात. त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

व्हिटलॉक मूळचे लंडनकडचे, पेशाने खाणकाम अभियंता. शाळा-कॉलेजात ते चांगले पळत. कॅनडात नोकरीला गेले आणि पळणं सुटलं. चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा धरलं. मिल्टन या गावी घराजवळच एव्हरग्रीन नावाची दफनभूमी होती. तिथे रहदारी नाही, आणि पाय दुखावलाच तर घर दोन पावलांवर. त्या दफनभूमीतल्या छोट्या वाटेवर ते फेऱ्या मारत. सराव भरात असला की रोज तीन-तीन तास, सावकाश, पावलं जेमतेम उचलून. वेगाचा सराव वेगळा करत नसत. तो ते वरचेवर शर्यतींत उतरून भरून काढत.

त्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की वयाचा सगळा हिशेब समोर येतो. ४८व्या वर्षी २ तास ३१ मिनिटं २३ सेकंद. ७३व्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. म्हणजे पंचवीस वर्षांत गेली साडेतेवीस मिनिटंसुद्धा नाहीत. वर्षाला एक मिनिटदेखील पुरतं नाही. त्यानंतरच्या बारा वर्षांत मात्र एक तास आणि वर पावणेदोन मिनिटं गेली. वर्षाला पाच मिनिटं. मधली गुडघ्याची दुखणी आणि सक्तीची विश्रांती यातच आली. माणूस तोच, जिद्द तीच, पण पंचाहत्तरीच्या आसपास उतार एकदम तीव्र झाला. मोठ्या संख्येने ज्येष्ठ धावपटूंच्या वेळा पाहिल्या तरी चित्र साधारण असंच दिसतं: पस्तिशीनंतर हळू घसरण, साठीनंतर थोडी जास्त, आणि सत्तर-पंचाहत्तरीनंतर झपाट्याने.

ही घसरण नेमकी कुठून येते?

पहिलं कारण हृदयात आहे. जीव तोडून पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, त्याला एक मर्यादा असते. ती विशीत दोनशेच्या आसपास असते, सत्तरीत एकशे साठच्या घरात येते. कितीही सराव करा, ही मर्यादा खाली येतेच. ठोके कमी म्हणजे मिनिटाला पायांकडे जाणारं रक्त कमी, रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या मापाला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात: दर किलो वजनामागे, दर मिनिटाला इतके मिलिलिटर. हल्ली मनगटावरची घड्याळंसुद्धा हा आकडा अंदाजाने दाखवतात, आणि धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून तासन्‌तास चर्चा रंगते. बैठं आयुष्य असलेल्यांत हा आकडा तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. नेटाने आणि जोराने सराव चालू ठेवणाऱ्यांत ही उतरण जवळपास निम्म्यावर राहू शकते. व्हिटलॉक यांचा आकडा ८१व्या वर्षी मोजला, तो ५४ भरला. कॉलेजात हौसेने खेळणाऱ्या मुलालाही तो शोभला असता.

पण मॅरेथॉन काही एकट्या ऑक्सिजनवर पळता येत नाही. एकूण कुवतीचा किती मोठा हिस्सा दोन-तीन तास टिकवता येतो, हे दुसरं. आणि एकाच वेगाने पळायला किती इंधन जाळावं लागतं, हे तिसरं. पळण्यातली ही काटकसर वयाबरोबर फारशी बिघडत नाही, असं बहुतेक अभ्यास सांगतात. म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू उशिरा पिकतात आणि उशिरापर्यंत टिकतात. उसेन बोल्टने १०० मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. एलियुड किपचोगेने बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो ३७व्या वर्षी. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकची मॅरेथॉन ३७व्या वर्षी जिंकली आणि पुढच्याच वर्षी रॉटरडॅमला विश्वविक्रम केला. रोमानियाच्या कॉन्स्टान्टिना दिता यांनी २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्णपदक घेतलं तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. केनेनिसा बेकेले ४१व्या वर्षी लंडनला २ तास ४ मिनिटं १५ सेकंदांत पळाला.

अंतर आणखी वाढवलं तर तरुणपणाचं पारडं आणखी हलकं होतं. १९८३ साली ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत झाली. त्यात क्लिफ यंग नावाचा ६१ वर्षांचा, बटाट्याची शेती करणारा शेतकरी उतरला. गुडघ्याएवढे गमबूट घालून मेंढ्यांमागे मैलोन्‌मैल पळायची त्याला सवय होती. पहिल्या दिवशी कसलेले धावपटू भराभर पुढे निघून गेले. रात्री ते झोपले, क्लिफ मात्र पाय घासत, खुरडल्यासारखा चालतच राहिला. ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत तो पहिला आला आणि बक्षिसाचे पैसे त्याने बाकीच्या धावपटूंना वाटून टाकले. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे अडीचशे-एक किलोमीटर पायी जाणाऱ्या सत्तरीतल्या वारकऱ्यांना ज्यांनी दिवे घाट चढताना पाहिलं आहे, त्यांना यात अशक्य असं काही वाटणार नाही. वेगाची मागणी कमी झाली की म्हातारं शरीर फार दूरवर साथ देतं.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. आपल्या घरातली पन्नाशीची माणसं जिना चढताना धापा टाकतात आणि ‘वय झालं आता’ म्हणतात. त्यातला वयाचा वाटा किती?

याचं सगळ्यात बोलकं उत्तर १९६६ साली अमेरिकेत, डॅलसला मिळालं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना संशोधकांनी तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. चालणं नाही, उभं राहणंही नाही. तीन आठवड्यांनी त्यांचा व्हीओटू मॅक्स पाव हिश्शाहून अधिक उतरला होता. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. आता ते पन्नाशीचे झाले होते, वजनं वाढली होती, अंगावरची चरबी दुप्पट झाली होती. तरीही १९६६च्या मूळ आकड्यापासूनची त्यांची घसरण साधारण बारा टक्केच होती. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं, त्याच्या दुपटीहून जास्त तीन आठवड्यांच्या खाटेने नेलं होतं. मग त्या पाचांकडून सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम करून घेतला आणि त्यांचा आकडा विशीतल्या मूळ पातळीवर परत आला. हृदयाच्या कमाल ठोक्यांची मर्यादा वर गेली नाही. ती वयाने नेली ती नेलीच. पण स्नायू रक्तातला ऑक्सिजन अधिक ओढून घ्यायला शिकले.

हा प्रयोग पाच माणसांचा, लहानसाच. पण त्याने दिलेली शिकवण प्रत्येक घरात पोचायला हवी, असं प्रामाणिकपणे वाटतं. आजारपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर आईवडिलांना ‘आता नुसता आराम करा’ म्हणून महिना-महिना बिछान्यावर बसवणारी मुलं त्यांच्यावर मायाच करत असतात. त्या मायेपोटी पायांतलं किती बळ जातं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

उतारवयात गेलेलं काही परत मिळतं का? फ्रान्सचे रोबेर मारशाँ १९११ साली जन्मलेले. २०१२ साली वयाच्या शंभरीपुढे त्यांनी एका तासात सायकलवर २४.२५ किलोमीटर अंतर कापलं. शरीरशास्त्रज्ञ वेरोनिक बिला यांनी त्यांचा सराव नव्याने आखून दिला: बहुतेक हलका, थोडा जोरकस. दोन वर्षांनी तेच मारशाँ तासाला २६.९२७ किलोमीटर गेले. त्यांचा व्हीओटू मॅक्स या काळात ३१ वरून ३५ झाला होता. अमेरिकेत राहणाऱ्या जीनी राइस यांनी वजन कमी करायला म्हणून पस्तिशीत पळायला सुरुवात केली. २०२४ साली ७६व्या वर्षी त्या लंडन मॅरेथॉन ३ तास ३३ मिनिटं २७ सेकंदांत पळाल्या. प्रयोगशाळेत त्यांचा आकडा ४८च्या जवळ निघाला. तो अनेक पंचविशीतल्या मुलींपेक्षा जास्त आहे.

आपले फौजा सिंगही याच पंगतीतले. २०११ साली टोरोंटोला त्यांनी मॅरेथॉन पुरी केली तेव्हा त्यांचं वय शंभर असल्याचं सांगितलं गेलं, पण जन्मदाखला नसल्यामुळे गिनेसने विक्रम मानला नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडच्या किती आजोबा-आजींची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. विक्रमाच्या वहीत नाव आलं नाही म्हणून पाय काही कमी पळाले नाहीत. १९११ हे जन्मवर्ष चार-पाच वर्षांनी चुकलेलं धरलं तरी नव्वदीपुढच्या माणसाने बेचाळीस किलोमीटर पार केले, एवढं उरतंच. २०२५च्या जुलैमध्ये गावाजवळ मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

हृदयाइतकंच लक्ष द्यायला हवं ते स्नायूंकडे, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. वय वाढतं तसे जोर आणि चपळाई देणारे स्नायूतंतू आधी झिजतात. पाऊल आखूड पडतं, पोटऱ्या ताठरतात, टाचेच्या वरची शीर कुरकुरते. त्यावर नुसतं जास्त चालणं किंवा जास्त पळणं हा उपाय नाही. ओझं पेलायला हवं. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या बैठका हा त्यासाठी उत्तम व्यायाम आहे, मग त्या खुर्चीवर बसून हात न टेकता उठण्यापासून सुरू केलेल्या का असेनात. दुसरी गोष्ट ताटातली. वय झालं की आहार कमी करावा, या समजुतीने रात्री नुसता दूधभात खाऊन झोपणारी कितीतरी माणसं आहेत. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं तरुणपणापेक्षा जास्त लागतात, दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमच्या वरच. डाळ, उसळ, अंडं, मासे, पनीर, जे चालत असेल ते ताटात दोन्ही वेळेला हवं.

एक धोकाही स्पष्ट सांगायला हवा. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा कडक सराव केलेल्या पुरुषांमध्ये हृदयाची लय बिघडण्याचं, म्हणजे ‘एट्रियल फिब्रिलेशन’चं प्रमाण जास्त आढळतं. चांगलं पळणारा माणूस हृदयविकारापासून सुरक्षित असतो, हा समज धोक्याचा आहे. धावताना छातीवर दाब आला, डाव्या हातात कळ गेली, नेहमीच्या चढावर अचानक धाप लागली, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन पुढे निघायचं नाही. पन्नाशीनंतर कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तहानही उतारवयात उशिरा जाणवते, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत पाण्यासाठी घशाला कोरड पडायची वाट पाहू नये.

सुरुवात कधी करावी, यावर डॅलसचेच हृदयतज्ज्ञ बेंजामिन लेव्हाईन यांनी काम केलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४५ ते ६४ वयाची, बैठं काम करणारी निरोगी माणसं होती. दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम केल्यावर त्यांच्या हृदयाचा ताठरपणा पाव हिश्शाने कमी झाला, व्हीओटू मॅक्स १८ टक्क्यांनी वाढला. सत्तरीच्या आसपासच्या लोकांवर असाच वर्षभराचा प्रयोग आधी झाला होता. त्यांची दमछाक कमी झाली, हृदयाचा ताठरपणा मात्र हलला नाही. म्हणजे हृदयाला मऊपणा परत मिळवून द्यायचा तर निवृत्तीची वाट पाहून चालत नाही. २०१८च्या प्रयोगात दर आठवड्यात एक दिवस कसाचा असायचा: चार मिनिटं जवळजवळ कमाल ठोक्यांपर्यंत, मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. एक दिवस तासभराचा किंवा त्याहून लांब, आवडीचा व्यायाम. एक-दोन दिवस ताकदीचे, उरलेले मध्यम. पण तिथवर कुणालाही एकदम नेलं नव्हतं. सुरुवातीला त्या सगळ्यांनी केलं ते एवढंच: आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने.