मुलाला दुकान दाखवतो, खतावणी दाखवत नाही

व्यापारी बंधूंनो, आपली मुले गल्ल्याजवळ वाढतात, तरी पैशाचा हिशेब त्यांना येत नाही, हे मला उशिरा कळले. माझा मुलगा पुण्यात कॉलेजला आहे. गेल्या वर्षी त्याने मोबाईलवरून 5,000 रुपये कर्ज उचलले. हातात 4,500 आले. महिन्याने पुरे 5,000 भरायचे. त्याला 500 रुपये किरकोळ वाटले. मी कागदावर मांडून दाखवले : 4,500 वर महिन्याला 500, म्हणजे वर्षाला शेकडा 133. बाजारात कुणी आपल्याला या भावाने माल उधार दिला असता तर आपण दुकानाची पायरी उतरलो असतो.

सूद हराम आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण कंपनीने त्याला 'प्रोसेसिंग फी' म्हटले होते. सगळा खर्च धरून वर्षाचा दर ग्राहकाला आधी दाखवलाच पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2022 साली केला. तथापि दाखवलेला आकडा वाचण्याची सवय रिझर्व्ह बँक लावणार नाही, ती घरातच लागते.

इथे कसूर माझाच. मागितले की दिले, कशाला ते विचारले नाही. सीझन मंद गेला, पार्टीकडे रक्कम अडकली, हे घरी कधी बोललो नाही. ईदचे कपडे त्याच थाटात झाले. मुलाला वाटले, अब्बांचा गल्ला कधी रिकामा होत नाही. मुलीची गोष्ट तर विचारूच नका! तिच्या हातात आपण रक्कम देतच नाही, भाऊ देतो. उद्या ती वसतिगृहात गेली की पहिल्याच महिन्यात गोंधळणार.

माझ्या वालिदांनी मला सातवीत रोजमेळावर बसवले. चार आण्यांचा फरक राहिला तर जेवायला उठू देत नसत. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. ही आयत आपण गिऱ्हाइकाच्या उधारीला लावतो, घरच्या खर्चाला नाही.

आता मुलाला महिन्याची रक्कम एक तारखेला एकदाच पाठवतो. फी, खोलीभाडे, खानावळ त्यानेच भागवायचे. वहीच्या पानाचा फोटो तो मला पाठवतो, आणि दुकानाच्या खतावणीचे पान मी त्याला दाखवतो, तोट्याच्या महिन्याचेसुद्धा. मागच्या महिन्यात त्याच्या हिशेबात 340 रुपयांचा मेळ बसला नाही. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला : मित्राला उसने दिले होते, लिहायचे राहिले.