उबवायचं आम्ही, विकायचं त्यांनी?

गेल्या वर्षी एप्रिलात घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात अंडी उबवायचं मशीन आलं. १०० अंड्यांचं. बचत गटाच्या नावानं आलं. नारळ फुटला, मशीनला हळदकुंकू वाहिलं, आम्हा दहा बायांना ओळीत उभं करून फोटो काढला. दिवाळीत हिशोबाला बसलो तेव्हा कळलं, की मशीन एका घरातल्या पुढच्या खोलीत आहे, पिलांचे सौदे त्या घरातल्या पुरुषाच्या मोबाइलवर होतात आणि पैसा त्याच्या खात्यात जातो. गटाच्या वहीत नुसते हप्ते भरल्याच्या नोंदी. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत नाही. ते घर माझं आणि तो नवरा माझा. संघटनेत पंधरा वर्षं काम करणाऱ्या बाईच्या घरात हे घडलं, म्हणून लिहिते आहे.

कुणी म्हणेल, कोंबडीच्या पिलांचा पैसा तो केवढा, त्यासाठी एवढा कागद कशाला काळा करायचा? त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या जिल्ह्यात कापूस पुरुषाचा आणि कोंबडी बाईची. कापूस वेचते बाई, पण सातबारा त्याच्या नावावर, म्हणून चुकारा त्याच्या हातात. आणि तो हातात येण्याआधीच कृषी केंद्रवाल्याचा, सोसायटीचा, सावकाराचा झालेला असतो. यवतमाळचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलं. नवरा गेल्यावर कर्ज दुसऱ्या दिवशी बाईच्या दारात येतं, जमीन नावावर चढायला मात्र तिला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. अशा घरात परसातल्या चार कोंबड्या हा एकच पैसा असा, की जो बाई कुणाला न विचारता खर्चू शकते. मुलीची वही, सासूच्या गोळ्या, एसटीचं तिकीट. आपल्या मेळाव्यांना येणाऱ्या कितीतरी बाया आदल्या बाजारी कोंबडी विकून आलेल्या असतात. मार खाऊन माहेरी निघालेली बाईसुद्धा त्याच पैशानं निघते. तो पैसा पुरुषाच्या खिशात गेला, तर बाईचं गावाबाहेर पडणंच त्याच्या परवानगीवर गेलं. एवढं या मशीनमध्ये गुंतलेलं आहे.

मशीनला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकते. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसते, आणि मग दोन-तीन महिने पिलांच्या मागे फिरते. तोवर अंडी बंद. उबवण्याचं काम मशीननं घेतलं, की कोंबडी लवकर अंड्यावर येते आणि एका खेपेला पन्नास-साठ पिलंही निघू शकतात. म्हणजे मशीन कोंबडीला मोकळं करतं. पण बाईला?

कोंबडी बसते तेव्हा ऊब धरणं, अंडी फिरवणं, ओल राखणं सगळं तीच करते. आमच्या साध्या मशीनमध्ये यातली फक्त ऊब आहे. बाकीचं मी करते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून पाच वेळा फुलीचा गोल करायचा आणि गोलाची फुली, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. असं १८ दिवस. पाच वेळा म्हणजे एका खेपेला ९० वेळा १०० अंडी हातात घेऊन फिरवणं. शेवटची फेरी रात्री बाराला, पहिली पहाटे पाचला. उष्णता साडेसदतीस ते अडतीस अंशांत हवी, वाटीतलं पाणी आटता कामा नये. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत, ओल वाढवायची, झाकण उघडायचं नाही. वीज गेली की मशीनवर गोधडी टाकायची आणि वाट पाहत बसायचं. पिलं निघाली की बल्ब लावलेली पेटी. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. पिलं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर गरम होतं आहे, हे बघायला रात्रीही उठावं लागतं. कोंबडीपालनाच्या पुस्तिकांत या पेटीला ‘कृत्रिम दाई’ म्हणतात. दाई मशीन आणि जागी असते बाई!

आणि या सगळ्याला नाव काय? ‘घरबसल्या जोडधंदा’. कोण बसलेलं असतं हो घरात? २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच. पाच तासांच्या घरकामावर शेताची मजुरी, त्यावर ही पाच वेळची फेरी. बाईचा वेळ फुकटचा, असं मानल्याशिवाय ‘घरबसल्या’ हा शब्द सुचतच नाही.

काम बाईचं, तसा दोषही बाईचाच. आमची पहिली खेप मे महिन्यात लावली. बाहेर ४४ अंश, वर टिनाचं छप्पर. खोलीच मशीनपेक्षा गरम. मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही. थोडा वेळ थंडी अंडं सोसतं, जास्तीची उष्णता सोसत नाही. त्यात गोळा केलेली अंडी आठवडाभर त्याच खोलीत ठेवलेली. अशा गरमीत गर्भ अर्धवट जागा होतो आणि मशीनमध्ये जाण्याआधीच मरतो. शंभरातून अकरा पिलं निघाली. सासूबाई म्हणाल्या, “तुह्या विटाळानंच अंडी गेली.” नवरा काही बोलला नाही, पण त्यानंतर महिन्याचे चार दिवस मशीनला हात लावायची मला बंदी झाली. त्या दिवसांत अंडी कुणी फिरवायची? तर माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं, शाळेत जाण्याआधी!

दुसरा प्रसंग याहून बोलका. पोळ्याच्या करीला कोंबड्याला भाव चांगला, म्हणून जाळीतले दोन्ही कोंबडे नवऱ्यानं विकून टाकले. कोंबडा नसताना कोंबडी अंडी देते, पण ती फळलेली नसतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो. महिन्याभरानं लावलेली खेप सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिली, तर जवळजवळ सगळी अंडी स्वच्छ. लाल शिरांचं जाळं कुठेच नाही. तेव्हाही बोलणं मलाच, “नीट फिरवली नसतील.” मूल झालं नाही की बाईला वांझ म्हणणारं हे गाव. पुरुषाची तपासणी करू म्हटलं तर अंगावर येणारं. अंडं फळलं नाही तरी खोट बाईच्या हातात! मैत्रिणींनो, आपण शिबिरात शरीराची माहिती देतो, तेव्हा हे अंडं आणि ही बॅटरी सोबत घेऊन जा. एका रात्रीत जे समजतं ते तक्त्यानं समजत नाही.

हे आपल्याच गावात होतं असं नाही. अमेरिकेत शेतकरी घरात अंड्यांचा पैसा बाईचा, अशी रीत होती. १९२३ साली डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाच्या शेतकरी बाईनं अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिलं मागवली. चुकून ५०० आली. तिनं ती परत न पाठवता वाढवली, मांसासाठी विकली आणि चांगला पैसा मिळाला. पुढच्या वर्षी आणखी मागवली. धंदा वाढला तसा नवरा नोकरी सोडून त्यात आला. तिथल्या ब्रॉयलर धंद्याची ही सुरुवात मानतात. पुढे पिलं, खाद्य, विक्री सगळं कंपन्यांच्या हातात गेलं आणि अंड्यांचा पैसा हा बाईचा पैसा उरला नाही. आपल्या देशातही २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये परसातल्या कोंबड्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्या. जोवर चार कोंबड्या होत्या तोवर त्यांच्याकडे पुरुषांनी ढुंकून पाहिलं नाही. आता त्यात पैसा दिसतो, म्हणून मशीन पुढच्या खोलीत आलं.

त्याला आणणारा नवरा एकटा नव्हता. शेडच्या अर्जासोबत जागेचा उतारा मागितला. तो कुणाच्या नावावर? प्रशिक्षणाला “एखादा समजणारा माणूस पाठवा” असं कार्यालयातून सांगितलं. १०० अंड्यांची चौकशी करून आमच्यापैकी दोघी आधीच शिकून आल्या होत्या, तरी गेले दोन पुरुष. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा बायकोच्या नावावर जमीन करणारी गावं निघाली. ती वाट तिथेच सोडून आपण बायांना हातात मशीन आणि कर्जाचं पासबुक दिलं. कर्ज फेडणारी बाई, मालमत्ता त्याची, याला सबलीकरण म्हणायचं?

आता थोडं आपल्याच सख्यांशी भांडते. एका बैठकीत एक कार्यकर्ती म्हणाली, “कोंबड्या, पापड, लोणची यात बाईला अडकवू नका, हे चूल-मूलच आहे.” बोलणं चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. काम घरातलं असल्यानं बाई अडकत नाही. कामाची मोजणी नसल्यानं आणि विक्री तिच्या हातात नसल्यानं अडकते. कोंबडी सोडून दे म्हणणं सोपं आहे. तिच्या बदल्यात एसटीचं तिकीट कोण देणार?

आमच्या गटानं दिवाळीनंतर जे ठरवलं ते सांगते. मशीन माझ्या घरातून उचललं आणि गटातल्या एका एकट्या राहणाऱ्या बाईच्या कुडाच्या घरात नेलं. टिनापेक्षा ते गार राहतं. मेमध्ये मशीन बंद. अंडी फिरवण्याच्या पाळ्या लावल्या, पाळीगणिक मजुरी वहीत मांडली. विटाळ हा शब्द वहीत नाही. कोंबडे गटाच्या ठरावाशिवाय विकायचे नाहीत. लस सगळ्यांच्या पिलांना एकाच सकाळी. मानमोडीच्या लसीची कुपी एकदा उघडली की दोनेक तासांत संपवावी लागते, एकटीच्या वीस पिलांसाठी ती परवडत नाही. दहा जणींची मिळून परवडते. सौदा गटाच्या मोबाइलवर आणि पैसा गटाच्या खात्यात.

हे काही सुखासुखी झालं नाही. माझ्या घरात तीन आठवडे अबोला होता. “माह्याच घरातलं मशीन बाहेर काढतेस, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, मशीन तुमचं कधी होतं? त्याला उत्तर नव्हतं. कारण तसा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मशीनसाठी बाईकडे सातबारा मागू नका, गटाचा ठराव पुरे. प्रशिक्षण बाईलाच द्या, आणि तिच्या मजुरीच्या वेळा सोडून द्या. प्रकल्पाच्या हिशोबात खाद्य आणि विजेइतकीच बाईची मजुरी धरा. ती धरल्यावर धंदा तोट्यात जात असेल, तर तो आजही तोट्यातच आहे, फक्त तोटा बाईच्या अंगावर घातलेला आहे.

आणि आपण? फोटो काढून झाल्यावर सहा महिन्यांनी परत त्या गावात जाऊ. मशीन कुणाच्या खोलीत आहे, रात्री बाराला कोण उठतं, बाजारात पिलं कोण विकतं आणि पैसा कुणाच्या खात्यात जातो, हे चार प्रश्न विचारू. पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या घरात विचारू. उत्तरं पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.