नाळ 'सर' कोणी केली? सह्याद्री, आर्क्टिक आणि 'पहिल्या चढाई'चा प्रश्न

१/ बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा गाठणाऱ्या तुकड्यांची छायाचित्रे हल्ली बहुधा एकाच ओळीखाली प्रसिद्ध होतात : 'नळीची वाट सर केली.' हा धागा त्या एका क्रियापदाविषयी आहे. मत आरंभीच मांडतो. शिखर सर होऊ शकते, कडाही सर होऊ शकतो. पण सह्याद्रीतली नाळ सर होत नाही. ती वहिवाटीची असते आणि वहिवाटीला इतिहास असतो.

२/ प्रथम शब्द पाहू. दोन उभ्या कातळभिंतींच्या मधून डोंगरमाथ्यापर्यंत चढत जाणारी अरुंद, तीव्र उताराची घळ म्हणजे आपली 'नाळ' किंवा 'नळी'. बर्फाच्या प्रदेशातल्या अशाच घळीला गिर्यारोहक 'कूलवार' म्हणतात. हा फ्रेंच शब्द 'वाहणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट हेरली : येथून आधी पाणी, दगड आणि बर्फ खाली वाहतात, माणूस त्याच मार्गाने उलट दिशेने वर जातो.

३/ आता नकाशावर खूप उत्तरेकडे जाऊ. स्वालबार द्वीपसमूहातले सर्वोच्च शिखर न्यूटनटोपेन सुमारे १,७०० मीटर उंचीचे आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आर्क्टिकमधले हे डोंगर सह्याद्रीच्याच मापाचे. १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स तेथे पोहोचला आणि किनाऱ्यावरचे सुळके पाहून त्याने त्या भूमीला 'स्पिट्सबर्गेन' म्हटले. अर्थ साधा : टोकदार डोंगर.

४/ उंची कमी म्हणून चढाई सोपी, हा समज दोन्हीकडे घातक आहे. आर्क्टिकमधल्या अनेक डोंगरांचा पायथा जवळजवळ समुद्रसपाटीलाच असतो. त्यामुळे आकडा लहान असला तरी तो बव्हंशी पायांनीच मोजावा लागतो. वाऱ्याने आणि हिमस्खलनाने घळीत साचलेला बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो. बुटांना क्रॅम्पॉनचे दात आणि हाती आइस-ॲक्स असल्यावाचून त्यावर पाऊल ठरत नाही. चढ ४५-५० अंशांचा झाला की घसरलेला माणूस स्वतःला थांबवू शकेलच, याची खात्री देता येत नाही.

५/ वेळेचे गणितही निराळे. हिमालयात गिर्यारोहक मध्यरात्री निघतात, कारण रात्रीच्या थंडीने बर्फ आणि सैल दगड गोठून जागच्या जागी राहतात. स्वालबारमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. तेथे घड्याळापेक्षा सावली महत्त्वाची. कोणत्या दिशेच्या घळीवर ऊन केव्हा येते, हे पाहून निघावे लागते. आपल्याकडे हेच गणित पावसाचे आहे. जूनमध्ये जी नळी वाट असते, ती जुलैत धबधबा होते. नियम मात्र दोन्हीकडे एकच : घळीत वरच्याचा निष्काळजीपणा खालच्याच्या माथी येतो.

६/ इतके साम्य असूनही एक भेद मूलगामी आहे. स्वालबारला आदिवासी लोकसंख्या कधीच नव्हती. सतराव्या शतकात तेथे देवमाशांच्या शिकारीसाठी युरोपीय जहाजे आली, पुढे फासेपारध आणि कोळशाच्या खाणी आल्या. परंतु त्या सुळक्यांच्या घळींतून बाजारला किंवा माहेरी जाणारे कोणी नव्हते. म्हणून तेथे 'पहिली चढाई' या शब्दांना बऱ्याच अंशी प्रामाणिक अर्थ आहे.

७/ या दोन जगांत ये-जा करणारा एक माणूस लक्षात ठेवावा : मार्टिन कॉनवे. १८९२ मध्ये तो काराकोरममध्ये गेला, तेव्हा त्याच्यासोबत गुरखा सैनिक होते. १८९४ मध्ये आल्प्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडताना त्याने दोन गुरखे बरोबर नेले. १८९६ मध्ये त्याने स्पिट्सबर्गेन आडवे पार केले. हिमनद्यांच्या निर्मनुष्य प्रदेशात घडलेली 'पहिला', 'अज्ञात', 'विजय' ही शब्दसंपदा अशाच प्रवासवर्णनांतून जगभर पसरली आणि वस्तीच्या डोंगरांवरही सरसकट लादली गेली.

८/ ती शब्दसंपदा तिच्या स्वतःच्या घरीही निर्दोष नव्हती. २९ जून १८६५ रोजी आल्प्समधल्या एग्विय व्हेर्त या शिखरावर पहिल्यांदा माणसे पोहोचली : एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे वाटाडे ख्रिश्चन आल्मर व फ्रान्त्स बिनर. ज्या घळीतून ते चढले ती आज 'व्हिंपर कूलवार' म्हणून ओळखली जाते. तिघे चढले, नाव एकाचे राहिले. आणि ते वाटाड्यांपैकी कोणाचे नव्हे.

९/ आता सह्याद्री. जुन्नर आणि कल्याण-सोपारा यांना जोडणारा नाणेघाट माथ्याजवळ अरुंद घळीतूनच वर येतो. तेथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे; तो सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ही घळ राजमार्ग होती. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतल्या दानलेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत. ज्या व्यापाराने ती दाने शक्य केली, त्याला घाटमाथ्याशी जोडणाऱ्या वाटांत नाणेघाट प्रमुख. आपल्या उपनगरातले लेणे आणि मुरबाडच्या माथ्यावरची ती घळ ही एकाच इतिहासाची दोन पाने आहेत.

१०/ नाणेघाट मोठा, म्हणून लेखांत आला. लहान नाळांना शिलालेख नाहीत; त्यांच्याजवळ फक्त नावे आहेत. सिंगापूरच्या नाळेला माथ्यावरच्या गावाचे नाव आहे. मढे घाटाचे नाव एका आठवणीवर उभे आहे : ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडाच्या लढाईनंतर तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने कोकणात नेला, असे लोकपरंपरा सांगते. या परंपरेला समकालीन पुरावा मागणे हे इतिहासकाराचे कामच आहे. तरीही नाव टिकले, म्हणूनच तो प्रश्न विचारता येतो. नावच पुसले गेले तर प्रश्नही संपला.

११/ या नाळांतून मीठ आणि सुकी मासळी वर गेली, घाटावरचे धान्य खाली आले. गुरे गेली, वऱ्हाडे गेली, आजारी माणसे डोलीतून गेली. कोकण आणि देश यांचे नाते सांगताना आपण 'नाळ जुळणे' हा वाक्प्रचार सहज वापरतो. या डोंगरात तो अक्षरशः खरा आहे.

१२/ मग या वाटा ओस का पडल्या? बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातून १८६५ मध्ये. व्हिंपर त्या घळीत चढत होता त्याच वर्षी आपल्याकडे मोठा व्यापार जुन्या घाटवाटांवरून रुळांकडे वळत होता. आज घाटकोपर-मुलुंडहून शेवटची कसारा लोकल पकडून डोंगराकडे निघणारा ट्रेकर त्याच थळघाटाच्या पायथ्याशी उतरतो. ज्या रेल्वेने नाळा मागे टाकल्या, तीच आपल्याला तेथे नेते. तेव्हा त्या वाटेची निर्जनता ही नैसर्गिक नव्हे. ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

१३/ तिची दुर्गमताही नेहमी नैसर्गिक नसते. १८१८ च्या युद्धानंतर इंग्रजांनी नाशिक भागातल्या अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. अलंग आणि मदनसारख्या गडांवर आज दोर लावून चढावे लागते. ज्याला आपण 'थरारक टप्पा' म्हणतो, ते कित्येकदा एका पराभवाचे अवशेष असतात.

१४/ यावर एक रास्त आक्षेप येईल. गिर्यारोहकांनी खरोखर नवे काही केलेच नाही काय? केले आहे. कोकणकड्याच्या अंतर्वक्र भिंतीवर किंवा सुळक्यांवर दोराच्या साहाय्याने चढणे हे निराळे कौशल्य आहे आणि त्याचा मान त्यांचाच. विसरलेल्या वाटा पुन्हा शोधून, त्यांचे नकाशे करून ट्रेकरांनी इतिहासाची सेवाही केली आहे. आक्षेप चढण्याला नाही, 'आम्ही शोधली' म्हणण्याला आहे. कारण त्या वाक्यापाठोपाठ नवे इंग्रजी नाव येते, ते नकाशाच्या ॲपवर चढते आणि पाच-दहा वर्षांत गावातली मुलेही तेच म्हणू लागतात.

१५/ हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. वाट कोणाची होती हे ठरले की वनहक्काच्या, रस्त्याच्या, धरणाच्या चर्चेत कोणाचे म्हणणे ऐकायचे, हेही पुष्कळ अंशी ठरते. 'अज्ञात दरी' असे जिचे वर्णन होते, तेथे विचारण्यासारखे कोणी नाही असे समजणे फार सोपे जाते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या वावराला कागदावर आधीच जागा कमी आहे. ती आपण आणखी कमी करू नये.

१६/ आर्क्टिकशी आपला संबंध उगाच ओढूनताणून आणलेला नाही. ९ फेब्रुवारी १९२० च्या स्वालबार करारावर ब्रिटिश सत्तेखालच्या हिंदुस्थानच्या वतीनेही स्वाक्षरी झाली होती. २००८ पासून तेथे न्यू-ओलसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. त्याची सूत्रे गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. १९७९ नंतरच्या काळात आर्क्टिक जागतिक सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापले, असे २०२२ मधल्या एका अभ्यासाने दाखवले. ज्या घळींत पहिल्या आरोहकांनी घट्ट बर्फ पाहिला, त्यांतल्या काहींत उद्या नुसते सुटे दगड असतील. तेथे नोंद बर्फाची ठेवायची आहे, येथे माणसांची.

१७/ म्हणून पुढच्या शनिवारी निघणाऱ्यांना एक विनंती. पायथ्याच्या गावात थोडा वेळ थांबा. नाळेचे गावातले नाव विचारा, ते उच्चारतात तसेच लिहा. शेवटचे ओझे तिच्यातून केव्हा गेले, कोणाचे गेले, काय होते, ते विचारा. वाटाड्याची संमती असेल तर वृत्तान्तात त्याचे नाव आपल्या नावाआधी घाला. आणि छायाचित्राखाली 'सर केली' ऐवजी 'या वाटेने गेलो' एवढेच लिहा. मराठी म्हणून तेही चांगले आहे, आणि इतिहास म्हणून अधिक खरे.