पाणी फाटकाबाहेर पडण्याआधी

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,



पावसाळापूर्व तयारी म्हटली की नालेसफाई, पावसाळी गटारे आणि पाणी तुंबणाऱ्या चौकांची यादी यांवर बोलणे होते. ही कामे व्हायलाच हवीत. पण त्या सगळ्यांत विचार असतो तो रस्त्यावर आलेल्या पाण्याचा. ते रस्त्यावर येऊच नये, निदान एकदम येऊ नये, यासाठी आपल्या महापालिकेने आम्हा घरमालकांना आणि सोसायट्यांना कामाला लावावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ३०० चौरस मीटर गच्चीच्या इमारतीवर तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर नुसत्या गच्चीवरून १२,००० लिटर पाणी उतरते. गल्लीत अशा वीस इमारती धरल्या तर २ लाख ४० हजार लिटर. हे सगळे पाणी साधारण एकाच वेळी, एकाच उतारावर, एकाच गटाराच्या तोंडाशी येते. पूर्वी बंगल्याभोवती माती होती, आळी होती, थोडे पाणी तिथेच जिरायचे. आता कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी किंवा पेव्हिंग ब्लॉक, आणि पार्किंगचा उतार मुद्दाम फाटकाकडे काढलेला. कित्येक इमारतींत तर गच्चीचा पाइप थेट मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेला असतो. मग मोठी सर आली की खालच्या गल्लीतली झाकणे उचलली जातात आणि ते घाण पाणी तळमजल्यावरच्या लोकांच्या घरात शिरते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते दिसतही नाही.

अंबिल ओढ्याच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल असा सगळा पट्टा धुऊन नेला. भिंती कोसळल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसच्या वर माणसे गेली. १९६१ च्या पानशेतच्या पुराला फुटलेले धरण हे कारण होते. २०१९ च्या रात्री कुठलेही धरण फुटले नव्हते. पाऊस होता, आवळलेला ओढा होता आणि पाणी न घेणारी जमीन होती.

गच्चीचे पाणी आवारातच मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांनी ती रात्र टळली असती, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबरअखेर जमीन भिजून तुडुंब असते, आणि ढगफुटीसारख्या पावसापुढे घराघरातले खड्डे अपुरेच पडतात. ओढ्याचे पात्र मोकळे करण्याला पर्याय नाही. पण दर पावसाळ्यात चार-सहा वेळा येणारी ती तासाभराची जोरदार सर, जिच्यामुळे वाहतूक ठप्प होते आणि वस्त्यांत गुडघाभर पाणी भरते, तिचे काम घराच्या आवारातच बरेचसे उरकता येते.

आमच्या सोसायटीत आम्ही ते करून पाहिले. गच्चीचे दोन पाइप फाटकाकडून वळवून मागच्या बाजूला नेले. आधी जाळीचे छोटे चेंबर, तिथे पालापाचोळा अडतो. मग पाच हजार लिटरची टाकी, बागेसाठी आणि गाड्या धुण्यासाठी. टाकी भरली की पाणी शोषखड्ड्यात. खड्डा पायापासून दहा फूट सोडून खणला. वरची चार-साडेचार फूट काळी माती होती, तिच्यात ओतलेले पाणी तासभर तसेच उभे राहिले. त्याखाली पिवळसर मुरूम लागला तेव्हा खणणारे काका म्हणाले, “आता घेईल बघा.” बादली ओतली, पाणी डोळ्यांदेखत खाली गेले. खड्ड्यात तळाला मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. बैठकीत डासांची भीती निघाली होती. खड्डा वरून झाकलेला आहे आणि काही तासांत रिकामा होतो, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. साध्या पावसात आता फाटकातून पाणी जात नाही. मोठ्या पावसात जाते, पण कमी जाते आणि उशिरा जाते. गटाराला सवड मिळते ती या उशिरामुळेच.

हे सगळीकडे जसेच्या तसे चालणार नाही. पुण्याखाली काळा पाषाण आहे. कुठे भेगाळलेला, कुठे अखंड. ओढ्यालगत भूजल वर असते, तिथे खड्डा उपयोगाचा नाही, टाकीच हवी. गाळणी न बसवता बोअरमध्ये पाणी सोडणे तर भूजल नासवणे आहे. म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात जागा पाहून सल्ला देणारा माणूस हवा. तो नसेल तर खड्डे खणले जातील आणि पाणी त्यांच्यावरून वाहून जाईल.

चेन्नईत २००३ मध्ये जुन्या-नव्या सगळ्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. त्यानंतर तिथल्या विहिरींचे पाणी वर आले. पण त्याच शहराने २०१५ चा महापूर पाहिला आणि २०१९ चा पाण्याविनाचा उन्हाळाही. घरातले खड्डे गाळाने भरू दिले आणि तळी-पाणथळी बुजवू दिल्या, तर चांगल्या कायद्याचेही काही चालत नाही.

आपल्याकडे ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ही सक्ती आहे. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलतही आहे. माझी विनंती आहे की ही सवलत दरवर्षी मे महिन्यातल्या पाहणीशी जोडावी. पाइप कुठे उतरतो, खड्ड्यातला गाळ काढला का, बादलीभर पाणी किती वेळात जिरते, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. गच्चीचे पाणी मैलापाण्याच्या वाहिनीत सोडणाऱ्यांना मुदत द्यावी आणि मुदतीनंतर दंड करावा. जुन्या लहान इमारती, वाडे आणि गुंठेवारीतली घरे सक्तीबाहेर राहतात. त्यांना दंड नको, खड्ड्याच्या खर्चात वाटा द्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी सांडपाण्यासाठी घरोघरी शोषखड्डे घेतले. शहरातल्या लहान घरांनाही हे जमेल. आणि पदपथ करताना झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणे आपल्या ठेकेदारांनी कृपया थांबवावे.

सुरुवात महापालिकेच्या शाळांपासून व्हावी. त्यांच्या गच्च्या मोठ्या आहेत, मैदाने आहेत आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची नाही. येत्या जूनपूर्वी अंबिल ओढ्याच्या पाणलोटातल्या शाळांच्या गच्च्यांचे पाणी मैदानात मुरवावे. कोणत्या शाळेत काम झाले याची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी. पाहणीसाठी मनुष्यबळ कमी पडत असेल तर आमच्या भागातले निवृत्त अभियंते आणि सोसायट्यांचे पदाधिकारी हे काम विनामोबदला करायला तयार आहेत. आपण फक्त तारीख कळवावी.

आपली नम्र,
अंबिल ओढ्याकाठची एक रहिवासी