कावासाकीतील मुत्तू

आपल्या मॉरिशस बेटावरील एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ गेल्या वर्षी प्रथमच जपानमधील कावासाकी येथे आपल्या कन्येच्या घरी गेले. कन्येने एका जपानी गृहस्थाशी विवाह केला, त्यास तोवर बारा वर्षे झाली होती. त्या विवाहास त्यांची संमती नव्हती. पत्रव्यवहार होता, पण तो प्रकृती आणि पाऊसपाण्यापुरता. नातवास मराठीचा गंध नाही असे कळल्यावर तोही आटला. पत्नीच्या निधनानंतर घर खावयास उठले, तेव्हा एकटेपणानेच त्यांस विमानात बसविले असे म्हणावयास हरकत नाही.

तामा नदीच्या एका तीरावर टोकियो, तर दुसऱ्या तीरावर कावासाकी. १९२४ साली शहराचा दर्जा मिळालेले हे गाव पोलादाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांवर वाढले. ओकिनावातून व कोरियातून माणसे पोटासाठी येथे आली आणि येथलीच झाली. त्यांच्या वस्तीबरोबर चित्रगृहेही आली. पाळी संपवून निघालेला कामगार दोन घटका तिकडे वळे. आगगाडीच्या स्थानकाजवळचे ‘चिनेचित्ता’ हे त्याच परंपरेतील आजचे चित्रगृह होय. ज्यांच्या पणजोबांनी दिवसभर ऊस तोडून रात्री ढोलकीवर थाप मारली, त्यांस या दोन घटकांचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु आपल्या या गृहस्थांस चित्रपटाचे मनस्वी वावडे. चित्रपट आला आणि गणेशोत्सवातील जाखडी मागे पडली, असे त्यांचे ठाम मत. त्यातही नायक-नायिकेच्या रुसव्याफुगव्यांची विनोदी कथा म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ वेळेचा अपव्यय.

पहिले चार दिवस घरात मौनच होते. सासरे जावयास नमस्कार करीत, जावई कमरेत लवून वंदन करी, आणि संभाषण तेथेच संपे. पाचव्या दिवशी संततधार लागली. जावयाने एक चित्रपट लावला आणि सासरेबुवांस हाताने खूण करून बसावयास सांगितले. केवळ शिष्टाचार म्हणून ते बसले.

तो चित्रपट होता १९९५ सालचा तमिळ ‘मुत्तू’. याची जपानातील कथा चित्रपटाइतकीच गमतीची आहे. जपानी समीक्षक जून एदोकी यांनी १९९६ साली तो सिंगापुरात पाहिला आणि ते त्यावर असे लुब्ध झाले, की मायदेशी परतल्यावर त्याचे गुणगान करीत सुटले. जून १९९८ मध्ये टोकियोच्या शिबुया भागातील ‘सिनेमा राइज’ येथे तो लागला आणि २३ आठवडे चालला. जपानात सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा भारतीय चित्रपट हा मान त्याच्याकडे २०२२ पर्यंत, ‘आर आर आर’ येईपर्यंत, राहिला. जावईबुवांनी विद्यार्थीदशेत तो तीनदा पाहिला होता.

मुत्तू हा जमीनदाराचा विश्वासू चाकर. नाटकमंडळीतील नटी रंगनायकी हिजवर धन्याचे मन बसते, आणि तिचे मन मात्र चाकरावर. दोघे वाट चुकून केरळात शिरतात. मुत्तूस मल्याळम येत नाही. आपण कोठे आलो हे विचारण्यासाठी तो तिच्याकडून चिठ्ठी लिहून घेतो. ती खट्याळपणे त्यात चुंबनाची मागणी लिहिते, आणि तो भोळेपणाने भेटेल त्याच्यापुढे ती चिठ्ठी धरून मार खातो!

सासरेबुवांस ना तमिळ येत होते, ना पडद्याच्या तळाची जपानी अक्षरे. चिठ्ठीत काय आहे हे मुत्तूप्रमाणे त्यांसही ठाऊक नव्हते. परंतु लोकांचे चेहरे पाहता पाहता त्यांच्या ध्यानी आले आणि ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. शेजारी जावई हसत होता. बाप हसतो आहे हे पाहून कन्या स्वयंपाकघरातून धावत आली. उत्तरार्धातील मारामाऱ्या व उपदेश अंमळ लांबले आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांनी तेही शेवटपर्यंत पाहिले.

मग कन्येने सांगितले की नायक रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९५० रोजी बेंगळुरूत मराठी कुटुंबात जन्मलेले, पूर्वज पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठारचे. “तरीच!” सासरेबुवा उद्गारले. हा ‘तरीच’ तितकासा न्याय्य नव्हे. कथेचे मूळ १९९४ च्या एका मल्याळम चित्रपटात, दिग्दर्शक के. एस. रविकुमार, संगीत ए. आर. रहमान यांचे; आणि हसू आधी आले होते, गायकवाड मागाहून कळले. हे त्यांसही उमगले असावे, कारण त्या रात्री ते बराच वेळ बोलले नाहीत. ज्या मराठी मुलाने तमिळ आपलीशी करून आयुष्य वेचले, त्यास कोणी हरवलेला म्हणत नाही. कन्येविषयी मात्र तो शब्द त्यांनी स्वतः नातलगांत वापरला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या नातवाने जपानीत काहीतरी खरडून आजोबांच्या हाती दिले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखविले. आजोबा निमूट गेले. दुकानदारीण चिठ्ठी वाचून तोंडावर हात धरून हसली आणि तिने दोन गोड पाव बांधून दिले. घरी येऊन आजोबांनी कागद मागविला, देवनागरीत दोन ओळी लिहिल्या आणि नातवापुढे धरल्या. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि शेवटी तो घेऊन आईकडे पळाला. आईने चिठ्ठी वाचली, पण त्यास अर्थ सांगितला नाही. पेन्सिल आणून पहिले अक्षर तेवढे गिरवून दाखविले.