बाजीराव दुसरा

घरमालकाला कुत्रा चालत नाही, रूममेटला मांजर. म्हणून मी फायटर फिश आणला. निळाजांभळा, एकदम हॅण्डसम! नाव ठेवलं बाजीराव. ऑफिसच्या डेस्कवर, काचेच्या छोट्या बाऊलमध्ये त्याची स्थापना झाली. "याला काही लागत नाही, मॅडम," दुकानदार म्हणाला होता. तीन आठवड्यांत बाजीराव गेला.

चूक माझीच. हा मासा वर येऊन हवा घेतो, म्हणून त्याचं पंपाशिवाय भागतं. पण त्याचे पूर्वज थायलंडच्या भातखाचरांतले (२०१९ पासून तो तिथला राष्ट्रीय जलचर आहे). त्याला २५ ते २७ अंशांचं कोमट पाणी हवं. आमचा एसी २० वर!

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. घरी १५ लिटरची टाकी, वर झाकण, कारण हा पठ्ठ्या उडी मारतो. थंडीत हीटर. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून. खाणं चिमूटभरच. आणि एका टाकीत एकच नर, नाहीतर पानिपत!

आता मी घरी आले की बाजीराव दुसरा काचेपाशी येतो. मला ओळखतो, असं माझं म्हणणं. भूक लागलेली असते, असं आईचं.

तुम्हालाही आणायचाय? आधी टाकी घ्या, मग मासा.