श्वानपालन आणि पाच अतिचार

जून १८३२ मध्ये मुंबईचा बाजार बंद पडला होता आणि त्याला कारण ठरली होती रस्त्यावरची कुत्री. सरकारी आदेशाने भटकी कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रथम पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यापाठोपाठ हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही आपली दुकाने बंद ठेवली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि शहरातील इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. व्यापारी पेढीने नफ्यातोट्याचा विचार बाजूला सारून मुक्या जिवासाठी गल्ला बंद केला, ही आपल्या पूर्वजांची कमाई आहे आणि तिचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

परंतु सुज्ञ वाचकहो, पांजरपोळीला देणगी देणे आणि एखादा जीव घरात आणून त्याला शेवटपर्यंत सांभाळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. देणगीची पावती मिळाली की व्यवहार पूर्ण होतो. कुत्रा मात्र साधारण दहा ते चौदा वर्षे जगतो. अलीकडे आपल्या समाजातील घरांतही मुलांच्या हट्टापायी किंवा वाढदिवसाची भेट म्हणून पिल्ले येऊ लागली आहेत. पहिल्या आठवड्यात त्या पिल्लाचे छायाचित्र सर्व नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचते आणि सहा महिन्यांनी त्याच मोबाइलवर ‘कोणी नेणार असेल तर कळवावे’ असा निरोप येतो. या दोन निरोपांच्या मधल्या काळात घराची नेमकी कोणती तयारी अपुरी पडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

घरातील ज्येष्ठांचा आक्षेप प्रथम विचारात घेतला पाहिजे. कुत्रा, मांजर यांसारख्या शिकारी प्राण्यांचे पोषण गृहस्थाने करू नये, असा इशारा श्रावकाचार ग्रंथांतून आढळतो. तो जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखा नाही, कारण असा प्राणी पाळणारा त्याच्या आहाराची आणि वर्तनाची जबाबदारी स्वतःवर घेत असतो. दुसरीकडे, जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षगतीस गेला, ही कथाही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर निष्कर्ष एवढाच निघतो की हौस म्हणून कुत्रा पाळू नये, आणि पाळलाच तर व्रत म्हणून सांभाळावा.

व्रत म्हटले की त्याचे नियमही आलेच. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ज्या काळी ते सांगितले गेले, त्या काळी डोळ्यांसमोर गाय, बैल, घोडे आणि नोकरचाकर असावेत. तरीही आजच्या सदनिकेत कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला याहून नेमकी मार्गदर्शिका मिळणे कठीण आहे.

बंध. रस्त्यावर फिरवताना कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि दोरी असणे हा बंध नव्हे. त्यात त्याचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे संरक्षण आहे. गोदामाच्या दाराशी हातभर साखळीने अष्टौप्रहर जखडून ठेवणे हा मात्र निश्चितच बंध आहे. असा कुत्रा उत्तम राखणदार होतो, हा आपल्या व्यापारी मंडळींचा जुना समज आहे. प्रत्यक्षात सतत बांधलेला कुत्रा भेदरट किंवा चिडखोर होतो आणि हमाल, गिऱ्हाईक, चोर यांतील भेद विसरून सर्वांवरच धावून जातो. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरणे, वास घेणे आणि माणसांचा सहवास या गोष्टी अन्नाइतक्याच लागतात. दिवसभर सर्व कुटुंब दुकानात आणि कुत्रा बंद घरात एकटा, अशी स्थिती असेल तर तोही बंधच होय. तो सोफा फाडतो किंवा अखंड भुंकतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे एकटेपणा किंवा कंटाळा असतो.

वध. येथे वध म्हणजे ठार मारणे नव्हे. काठीने, चाबकाने मारझोड करणे असा त्याचा अर्थ आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली आजही अनेक घरांत वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली जाते आणि पिल्लाचे नाक त्याच्याच मूत्रात घासले जाते. याने ते काहीही शिकत नाही. तासाभरापूर्वीच्या कृत्याचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. घरातल्या माणसाला भ्यायचे असते, एवढेच तो शिकतो.

उपाय सोपा असला तरी चिकाटीचा आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, प्रत्येक वेळी पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे. त्याने तेथे विधी उरकला की त्याच क्षणी कौतुक करून पनीरचा एखादा तुकडा द्यावा. घरात चूक झाली तर न बोलता पुसून घ्यावे. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ या आज्ञाही याच पद्धतीने शिकवाव्यात. शब्द मात्र घरातील सर्वांनी एकच वापरावा. आजोबा ‘खाली बस’ म्हणणार, नातू ‘सिट’ म्हणणार आणि सूनबाई ‘बैठ’ म्हणणार, तर त्या मुक्या जिवाने कोणाचे ऐकायचे? साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे वय हा पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ असतो. त्या वयात वेगवेगळी माणसे, मुले, वाहनांचे आवाज यांची सौम्य ओळख झाली, तर पुढे भीतीपोटी चावण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

छेद. डॉबरमन किंवा बॉक्सर जातीचा कुत्रा रुबाबदार दिसावा म्हणून त्याचे कान व शेपूट कापणे, याचे समर्थन कोणत्याही दृष्टीने होऊ शकत नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया हाही छेद नव्हे काय, असा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. अतिचाराचा विचार करताना हेतू पाहिला जातो. कापलेल्या कानात मालकाची शोभा असते, तर नसबंदीत पुढील जिवांचे दुःख टाळण्याचा हेतू असतो. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. त्या सर्वांना घरे मिळत नाहीत. रस्त्यावर आलेली कित्येक पिल्ले वाहनाखाली किंवा रोगाने जातात. माझ्या मते नसबंदी हाच कमी हिंसेचा मार्ग आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी महाराजांकडे समाधान करून घ्यावे, परंतु पिल्ले झाल्यानंतर नव्हे, आधी.

याच ओघात गोचिडांचा आणि जंतांचा प्रश्न येतो. कुत्र्याच्या अंगावर गोचीड होतात, त्यांच्यापासून त्याला जीवघेणा ताप येऊ शकतो आणि औषध दिले तर ते जीव मरतात. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे आणि आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे आपण जाणतो. म्हणून शहाणपण प्रतिबंधात आहे. अंथरूण रोज उन्हात घालावे, फिरून आल्यावर कान आणि बोटांमधील जागा तपासावी, केस नित्य विंचरावेत आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक उपाय वेळेवर करावेत. प्रादुर्भाव होऊ देऊन मग शेकडो जीव मारण्यापेक्षा तो होऊच न देणे केव्हाही श्रेयस्कर. ज्यांच्या मनाला हेही पटत नसेल, त्यांनी कुत्रा न पाळणे हाच त्यांच्यासाठी योग्य निर्णय होय, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अतिभारारोपण. कुत्र्याच्या पाठीवर आपण गोणी लादत नाही, परंतु अपेक्षा लादतो. सायबेरियाच्या बर्फात वाढलेल्या हस्की जातीचा कुत्रा सोलापूर-अहिल्यानगरच्या उन्हाळ्यात आणून ठेवणे, हा त्याच्या शरीरावर टाकलेला भारच आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. चपट्या नाकाच्या पगला तेही नीट साधत नाही. शेपूट ओढणाऱ्या लहान मुलांचे खेळणे होणे, दिवाळीच्या फटाक्यांत गच्चीवर एकटे राहणे, हेही भारच. आपल्या हवामानाला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला देशी कुत्रा या बाबतीत सर्वांत सोयीचा आहे आणि तो विकत घ्यावा लागत नाही. पिल्लू दत्तक घेताना ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. मोठ्या वयाचा कुत्रा घेण्यासही कचरू नये, कारण त्याचा स्वभाव आधीच कळतो. तो पहिले काही दिवस कोपऱ्यात बसेल, जेवणार नाही. त्याला बोलावू नये, त्याच्याभोवती पाहुणे जमवू नयेत. नव्या घराला आपले मानण्यास त्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

अन्नपाननिरोध. आपल्या घरांतील सर्वांत अवघड प्रश्न हाच. शाकाहारावर कुत्रा जगतो काय? मांजर जगू शकत नाही. तिच्या शरीराची घडणच मांसाहाराची आहे, म्हणून शुद्ध शाकाहारी कुटुंबाने मांजर पाळण्याच्या फंदात पडू नये. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने त्याची पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा बरीच वाढली आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दाखवून दिले. तेव्हा सुयोग्य शाकाहारावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. मात्र ‘सुयोग्य’ या शब्दाचे वजन ओळखले पाहिजे.

दूध-पोळी हा सुयोग्य आहार नव्हे. त्यात प्रथिने अपुरी पडतात आणि पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध नीट पचतही नाही. डाळी, सोयाबीन, पनीर, दही आणि भात यांचा मेळ घालावा लागतो. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर पशुवैद्याला विचारूनच घालावी, कारण वाढत्या पिल्लाला त्यांची कमतरता बाधते तसा अतिरेकही बाधतो. संतुलित असे तयार शाकाहारी खाद्यही बाजारात मिळते. कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक असतो, तो आपल्या स्वयंपाकघरात बहुधा नसतोच. परंतु सुकामेव्याच्या डब्यातील मनुके आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि चॉकलेटही विषारी असते, हे मुलांना निक्षून सांगावे. कुत्र्याचे दुसरे जेवण सूर्यास्तापूर्वी देणे सहज जमते. पाण्याचे भांडे मात्र रात्रभर भरलेले असावे. पर्वकाळात घरातील सर्वांचा उपवास असला तरी त्याची थाळी चुकता कामा नये. कुत्र्याने व्रत घेतलेले नसते. आणि इतके करूनही त्याचे वजन घटत असेल, केस गळत असतील, पशुवैद्य आहार बदलण्यास सांगत असतील, तर आपला आग्रह आणि त्याचे आरोग्य यांत ओढाताण होऊ देऊ नये. अशा वेळी त्याला जाणत्या, प्रेमळ घरी स्वतः नेऊन पोहोचविणे हा धर्म होय. दूरच्या गावाच्या वेशीवर सोडून येणे हा अधर्म होय.

तो केवळ अधर्मच नव्हे, तर गुन्हाही आहे. भरतनाट्यमच्या श्रेष्ठ कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला, त्याचे फलित म्हणजे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्याचे कलम ११ वाचताना आश्चर्य वाटते. मारझोड करणे, शक्तीबाहेर भार लादणे, अवास्तव आखूड वा जड साखळीने बांधणे, अवयव छेदणे, पुरेसे अन्नपाणी न देणे : आपले पाचही अतिचार तेथे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे, यांचीही त्यात भर आहे.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तारणाआधी परतफेडीची कुवत पाहत असू. पहिला हप्ता कोणीही भरतो, साठावा हप्ता कोठून येईल ते पाहावे लागते. कुत्रा आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून असाच हिशेब मांडावा. पावसाळ्यातील पहाटे त्याला कोण बाहेर नेणार? पहिल्या काही महिन्यांतील लसी, पुढे दरवर्षीची रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना हे कोणाच्या लक्षात राहणार? सर्व कुटुंब शिखरजीच्या यात्रेस निघाले की तो कोणाकडे राहणार? मुलगा शिक्षणासाठी परगावी गेल्यावर त्याची जबाबदारी कोणाची? आणि तेराव्या वर्षी त्याला दिसेनासे झाले, जिना चढवेनासा झाला, तर त्याला उचलून नेणारे हात कोणाचे?

या प्रत्येक प्रश्नापुढे घरातील एका व्यक्तीचे नाव लिहिता आले, तर पिल्लू अवश्य आणावे. एक जरी जागा कोरी राहिली, तर आपल्या गल्लीतील कुत्र्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे, त्यांच्या लसीकरणास आणि नसबंदीस यथाशक्ती मदत करावी. तीही जीवदयाच आहे, आणि ती आपल्या कुवतीत बसणारी आहे.